बारा व्होल्टचा घरगुती दिवा : कसा करावा, कसा सांभाळावा



आपल्या भागातील बहुतेक घरांत आता वीज आली आहे. सन २०१७ मध्ये सुरू झालेल्या सौभाग्य योजनेतून राहिलेल्या पुष्कळ घरांनाही जोडणी मिळाली. पण घरात तार आली म्हणजे रात्रभर उजेड मिळतोच असे नाही. खानापूर, चंदगड, सत्तरी या जंगलकाठच्या पट्ट्यात मृगाच्या वाऱ्याने एखादे झाड तारांवर आडवे झाले की पुढे किती वेळ अंधार राहील, याचा नेम नसतो. शिवाय शेतातील खोप, लांबचा गोठा, मळणीचे खळे अशा ठिकाणी तार नेणे प्रत्येकाला परवडत नाही.

अशा वेळी पूर्वी रॉकेलची चिमणी किंवा कंदील हाताशी असे. आता रास्त भावाच्या दुकानात बऱ्याच ठिकाणी रॉकेल मिळत नाही, आणि त्याचे वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. चिमणीचा धूर थेट छातीत जातो. चिमणी कलंडून मुले भाजतात. बाटलीतील रॉकेल पाणी समजून लहान मूल पिते, हेही घडते. जागतिक आरोग्य संघटनेने सन २०१४ च्या आपल्या सूचनांत घरात रॉकेल जाळू नये, असा सल्ला दिला आहे.

उजेडाचा आरोग्याशी आणखी एक संबंध आहे. सन २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांत बहुतेक खेड्यांतील होती. रात्री गोठ्याच्या दारात, सरपणाच्या ढिगाजवळ किंवा न्हाणीच्या वाटेवर पाय कोठे पडतो हे दिसले, तर मण्यार आणि घोणस यांच्यापासून पुष्कळसे रक्षण होते.

म्हणून या अंकात १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा एक साधा दिवा घरी कसा जोडावा, हे आम्ही देत आहोत. त्याबरोबर एक गोष्ट आधीच बजावून ठेवतो. १२ व्होल्टच्या तारेला कोरड्या हाताने स्पर्श झाल्यास झटका बसत नाही, म्हणून ती निरुपद्रवी आहे असा समज सर्वत्र आहे. तो अर्धाच खरा आहे. १२ व्होल्ट माणसाला झटका देत नसले, तरी घर जाळू शकतात. ते कसे आणि त्याला आवर कसा घालावा, हे समजून घेतल्यावाचून हाती तार घेऊ नये.

१. दाब आणि प्रवाह

पाण्याच्या टाकीचा विचार करा. टाकी जितकी उंच, तितका नळाला पाण्याचा दाब जास्त. विजेच्या या दाबाला व्होल्ट म्हणतात. नळातून दर क्षणाला किती पाणी वाहते, तो प्रवाह. विजेच्या प्रवाहाला अँपिअर म्हणतात. नळ जितका अरुंद, तितका पाण्याला अडथळा जास्त. विजेच्या अडथळ्याचे माप ओहम हे होय.

घरातील विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. तो शरीरातून प्रवाह ढकलू शकतो, म्हणून तो जीवघेणा आहे. १२ व्होल्टचा दाब कोरड्या कातडीचा अडथळा सहसा पार करू शकत नाही. परंतु तांब्याच्या तारेला अडथळा जवळजवळ नसतोच. बॅटरीची दोन टोके उघड्या तारेने एकमेकांना जोडली गेली, तर प्रवाह एकदम वाहतो. ७ अँपिअर-अवरची लहान बॅटरीसुद्धा क्षणभर शंभराच्या आसपास अँपिअर प्रवाह देऊ शकते. ट्रॅक्टरची बॅटरी त्याहून कितीतरी जास्त देते. तेवढ्या प्रवाहाने तार लाल होते, तिचे आवरण पेटते, आणि जवळ पेंढा असेल तर पुढचे सांगायला नको.

२. एलईडी दिवा आणि त्याचा लगाम

पूर्वी १२ व्होल्टवर उजेड करायचा म्हणजे मोटारीचा बल्ब लावावा लागे. २१ वॉटचा असा बल्ब पावणेदोन अँपिअर प्रवाह घेतो आणि त्यातील बरीचशी वीज उष्णतेत घालवतो. एलईडी दिव्याने हे चित्र पालटले. तांबडा एलईडी सन १९६२ मध्येच निघाला होता, पण पांढऱ्या उजेडासाठी निळा एलईडी लागतो. तेजस्वी निळा एलईडी १९९० च्या दशकात जपानमध्ये तयार झाला. त्याबद्दल इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना सन २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. निळ्या एलईडीवर पिवळा प्रकाश देणाऱ्या द्रव्याचा लेप दिला की डोळ्यांना पांढरा उजेड दिसतो.

५ मिलिमीटरचा एक लहान पांढरा एलईडी सुमारे ३ व्होल्ट दाबावर पेटतो. त्याला जास्तीत जास्त २० मिलिअँपिअर, म्हणजे ०.०२ अँपिअर, प्रवाह द्यावा. पण एलईडीची एक खोड आहे. दाब जरासा वाढला की तो प्रवाह भराभर ओढू लागतो आणि स्वतःच जळतो. बैलाला जसे वेसण, तसा एलईडीला रेझिस्टर हवाच. रेझिस्टर म्हणजे प्रवाहाला ठरावीक अडथळा करणारा, अंगावर रंगीत पट्टे असलेला लहानसा तुकडा.

हिशेब असा : तीन एलईडी एकापाठोपाठ जोडले की त्यांना सुमारे ९ व्होल्ट लागतात. भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट देते. उरलेले ३.६ व्होल्ट रेझिस्टरने झेलायचे. रेझिस्टर २७० ओहमचा घेतला, तर ३.६ ला २७० ने भागून ०.०१३ अँपिअर येतो. बॅटरी चार्ज होत असताना तिचा दाब १४.४ व्होल्टपर्यंत चढू शकतो. तेव्हा उरतात ५.४ व्होल्ट, आणि ५.४ भागिले २७० म्हणजे बरोबर ०.०२ अँपिअर. म्हणजे सर्वांत जास्त दाबालाही मर्यादा ओलांडली जात नाही. काही जण उजेड जास्त पडावा म्हणून १०० ओहमचा रेझिस्टर घालतात. पहिले काही दिवस दिवा झगझगीत दिसतो, पुढे एकेक एलईडी मंद होऊन मरतो.

३. दिव्याची जोडणी

एका दिव्यासाठी लागणारे सामान : ५ मिलिमीटरचे पांढरे एलईडी २४, २७० ओहमचे पाव वॉटचे रेझिस्टर ८, छिद्रांची एक लहान पाटी, लाल व काळी तार, एक बटण. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात हे सर्व मिळते. २७० ओहमच्या रेझिस्टरवर तांबडा, जांभळा, तपकिरी असे पट्टे क्रमाने असतात आणि शेवटी बहुधा सोनेरी पट्टा असतो.

(अ) एलईडीचा लांब पाय अधिक बाजूचा, आखूड पाय उणे बाजूचा. पाय कापले गेले असतील, तर एलईडीच्या बुडाची कड जेथे सपाट आहे ती बाजू उणे समजावी.

(आ) पहिल्या एलईडीचा आखूड पाय दुसऱ्याच्या लांब पायाला आणि दुसऱ्याचा आखूड पाय तिसऱ्याच्या लांब पायाला जोडावा. ही तिघांची एक ओळ झाली. ओळीच्या सुरुवातीला एक रेझिस्टर जोडावा.

(इ) डाग देताना कढत सळई एलईडीच्या पायाला दोन-तीन सेकंदांहून जास्त टेकवू नये, नाहीतर एलईडी आतून जळतो. कथलात शिसे असते. म्हणून खिडकीजवळ बसावे, धूर नाकात घेऊ नये, आणि काम झाल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय जेवू नये किंवा तान्ह्याला घेऊ नये.

(ई) एक ओळ तयार झाली की बॅटरीला लावून पाहावी. पेटली नाही, तर एखादा एलईडी उलटा बसला आहे असे समजून पाय तपासावेत. याप्रमाणे आठ ओळी कराव्यात. सर्व रेझिस्टरांची मोकळी टोके एकत्र करून लाल तारेला आणि सर्व ओळींची शेवटची टोके काळ्या तारेला जोडावीत. प्रत्येक ओळीला स्वतःचा रेझिस्टर असावा. आठ ओळींना मिळून एकच रेझिस्टर लावण्याची काटकसर करू नये.

(उ) तयार पाटी पारदर्शक झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात बसवावी, म्हणजे किडे आणि ओल आत जाणार नाही. वाचण्यासाठी दिवा पुस्तकापासून दीड-दोन फूट उंचीवर, डोळ्यांत तिरीप न येईल असा टांगावा. पेटलेल्या एलईडीकडे एकटक पाहू नये, असे मुलांना सांगावे.

४. उजेडाचा हिशेब

कणगीत भात किती आणि घरात खाणारी तोंडे किती, याचा हिशेब आपण दरवर्षी करतो. बॅटरीचाही तसाच करावा.

वरील दिवा सुमारे ०.११ अँपिअर घेतो. घरात, ओसरीवर आणि गोठ्यात असे तीन दिवे लावले, तर ०.३३ अँपिअर. रोज चार तास लावल्यास सुमारे १.३ अँपिअर-अवर खर्च होतात. ७ अँपिअर-अवरच्या शिसे-आम्ल बॅटरीतून निम्माच, म्हणजे साडेतीन अँपिअर-अवर साठा काढावा. वारंवार तळापर्यंत रिकामी केलेली बॅटरी लवकर निकामी होते. या हिशेबाने सूर्य न दिसला, तरी तीन दिवे अडीच दिवस चालतील. मोटारीचा २१ वॉटचा एकच बल्ब हाच साठा दोन तासांत संपवतो.

बॅटरीत किती उरले आहे हे मल्टिमीटरवर कळते. दिवे आणि चार्जिंग बंद करून थोड्या वेळाने मोजावे. १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली कधी जाऊ देऊ नये.

५. सूर्याकडून भरणा

अशा तीन दिव्यांना १० वॉटची सौर पाटी पुरते. कडक उन्हात ती अर्ध्या अँपिअरहून थोडा जास्त प्रवाह देते. पावसाळा सोडून इतर दिवसांत रोज सुमारे दोन ते अडीच अँपिअर-अवर जमा होतात, म्हणजे खर्च भागून थोडे उरते. पाटीचे तोंड दक्षिणेकडे करावे. बेळगाव-गोव्याकडे तिला सुमारे १५ अंशांचा उतार द्यावा. त्यासाठी १०० सेंटिमीटर लांबीमागे मागची बाजू २६ सेंटिमीटर उंच धरावी. पाटीच्या एका कोपऱ्यावर नारळाच्या झावळीची सावली पडली, तरी उत्पन्न बरेच घटते. काचेवरची धूळ सकाळी ओल्या फडक्याने पुसावी.

पावसाळ्याचे गणित वेगळे आहे. २४ जूनच्या सान जुवांवपासून ८ सप्टेंबरच्या मरियाजन्माच्या सणापर्यंत ढगाळ दिवशी पाटी चौथ्या हिश्श्याइतकीच किंवा त्याहूनही कमी वीज देईल, असे धरून चालावे. त्या दिवसांत गरजेचा एकच दिवा लावावा, आणि घरची वीज येईल तेव्हा बॅटरी तयार चार्जरवर भरून घ्यावी.

सौर पाटी थेट बॅटरीला जोडू नये. मोकळ्या पाटीचा दाब २० व्होल्टच्या पुढे जातो. भरलेल्या बॅटरीत प्रवाह जातच राहिला, तर तिच्यातील पाणी आटते. मध्ये तयार चार्ज कंट्रोलर बसवणे सर्वांत सोपे. ज्यांना स्वतः करण्याची हौस आहे, त्यांनी एलएम-३१७ हा तीन पायांचा भाग वापरावा. त्याच्या बाहेर जाणाऱ्या पायापासून दाब ठरवणाऱ्या पायापर्यंत २४० ओहमचा रेझिस्टर, आणि त्या पायापासून उणे तारेपर्यंत ५ किलो-ओहमचा फिरता रेझिस्टर लावावा. त्यानंतर एक डायोड जोडावा. भागाच्या पाठीला अॅल्युमिनियमचा पत्रा लावावा, कारण तो तापतो. कोणता पाय कोणता हे दुकानदाराकडून कागदावर काढून घ्यावे. बॅटरी जोडण्यापूर्वी बाहेरच्या दोन टोकांवर १ किलो-ओहमचा रेझिस्टर ठेवून, उन्हात, मल्टिमीटरवर १३.८ व्होल्ट येईपर्यंत फिरता रेझिस्टर फिरवावा.

यातील डायोड म्हणजे पाटाच्या तोंडाशी असलेली एकाच बाजूला उघडणारी झडप. दिवसा प्रवाह बॅटरीकडे जातो, पण रात्री तो उलटा बाहेर पडू शकत नाही.

६. फ्यूज : सर्वांत स्वस्त आणि सर्वांत आवश्यक

आता सुरुवातीला बजावलेल्या गोष्टीकडे येतो. वरील सर्व जोडणीत काही रुपयांची अशी एकच वस्तू आहे, जी नसली तरी दिवा पेटतो. ती म्हणजे फ्यूज. म्हणूनच ती लावायची राहून जाते. उंदराने तार कुरतडली, म्हशीने शिंगाने ओढली किंवा खिळ्याने आवरण फाटले, की लाल-काळी तार एकमेकींना भिडते. फ्यूज असेल तर तो क्षणात वितळून प्रवाह तोडतो. नसेल तर तार पेटते.

बॅटरीच्या अधिक टोकापासून एक वितीच्या आत २ अँपिअरचा फ्यूज बसवावा. दिव्याजवळ बसवलेला फ्यूज काही कामाचा नाही, कारण फ्यूजच्या अलीकडे, बॅटरीच्या बाजूला, तार बिघडली तर तो तिला वाचवू शकत नाही. कंट्रोलरकडून येणारी तारसुद्धा बॅटरीला फ्यूजमधूनच जोडावी. फ्यूज वारंवार जात असेल, तर दोष शोधावा. त्याच्या जागी तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातील चांदी कधीही बांधू नये.

बॅटरीचे काम करताना हातातील अंगठी, बांगड्या आणि गळ्यातील साखळी काढून ठेवावी. लग्नाची अंगठी एकीकडे बॅटरीच्या टोकाला आणि दुसरीकडे पान्याला टेकली, तर ती निमिषात तापून बोट खोल भाजते.

तारेची जाडीही पाहावी. घरापासून ३० मीटरवरील गोठ्यात १ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार नेली, तर जाऊन-येऊन ६० मीटर होतात आणि अडथळा सुमारे १ ओहमचा पडतो. आपल्या एलईडी दिव्याला त्यात ०.१ व्होल्टच गमवावा लागतो. मोटारीचा बल्ब लावल्यास पावणेदोन व्होल्ट वाटेतच संपून तो मिणमिणतो.

७. हे करू नये

१२ व्होल्टच्या दिव्याला घरच्या विजेची तीन खुट्यांची पिन लावू नये. कोणीतरी नकळत ती २३० व्होल्टमध्ये खोचेल. दोन्हींचे खटके आणि तारा वेगळ्या ठेवाव्यात.

कपॅसिटर लावून थेट २३० व्होल्टवर एलईडी पेटवण्याच्या जोडण्या स्वस्त म्हणून सांगितल्या जातात. दिवा कमी दाबाचा दिसला, तरी त्या जोडणीचा प्रत्येक भाग जीवघेण्या विजेला जोडलेला असतो. ओल्या गोठ्यात तर ती नकोच.

जुन्या लॅपटॉपमधील लिथियमच्या कांड्या काढून बॅटरी बनवू नये. योग्य संरक्षक जोडणी नसेल, तर त्या पेट घेतात आणि सहज विझत नाहीत.

ट्रॅक्टरची बॅटरी वापरत असाल, तर ती झोपण्याच्या खोलीत ठेवू नये. भरताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो. तिच्याजवळ विडी, चूल किंवा वेदीपुढची मेणबत्ती नसावी. तिच्यात फक्त डिस्टिल्ड पाणी घालावे. आम्ल अंगावर उडाले, तर भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यात गेले, तर पंधरा-वीस मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरून लगेच दवाखाना गाठावा.

निकामी बॅटरी फोडून शिसे काढू नये आणि तिच्या पेटीत धान्य किंवा मीठ ठेवू नये. शिसे मुलांच्या मेंदूला कायमची इजा करते. सन २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी त्या बनवणाऱ्यांवर टाकली आहे. म्हणून जुनी बॅटरी दुकानात परत द्यावी. नवी घेताना तिची किंमतही वळती होते.

८. हे आपल्याला जमेल काय?

राजस्थानात अजमेर जिल्ह्यातील तिलोनिया येथे बंकर रॉय यांनी सन १९७२ मध्ये सुरू केलेल्या बेअरफुट कॉलेजात खेड्यांतील स्त्रिया सौर दिव्यांच्या जोडण्या करायला शिकल्या. त्यांतील अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते. रेझिस्टरचे पट्टे त्या रंगांवरून ओळखतात. पुढे आफ्रिकेतील देशांतूनही आज्या-आया तेथे येऊन शिकून गेल्या. आपल्या कर्नाटकात हरीश हांडे यांनी सन १९९५ मध्ये सेल्को ही संस्था उभी करून गरीब घरांत सौर दिवे पोहोचवले. त्यांना सन २०११ चे मॅगसेसे पारितोषिक मिळाले. दिवा विकल्यावर त्याची दुरुस्ती जवळच मिळाली पाहिजे, यावर त्यांचा भर राहिला.

हा भर आपणही धरावा. गावातील दोन-चार तरुण-तरुणींनी मिळून एक मल्टिमीटर आणि डाग देण्याची सळई घ्यावी, आधी एकच दिवा करावा आणि तो महिनाभर वापरून पाहावा. त्यांना जोडणी आली की गावातील बिघडलेले दिवे गावातच दुरुस्त होतील. रेडिओ दुरुस्त करणारा कोणी जाणता जवळ असेल, तर पहिली जोडणी त्याला दाखवून घ्यावी.

शेवटी, दिवा पेटला म्हणजे काम संपले असे समजू नये. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पाच मिनिटे काढून पुढील चार गोष्टी पाहाव्यात :

१. फ्यूज जागेवर आहे ना आणि तो २ अँपिअरचाच आहे ना?
२. तारेला उंदराचे दात लागले आहेत काय?
३. बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवा थर आला आहे काय? असल्यास जोडणी सोडवून कोरड्या फडक्याने पुसावे, हात धुवावेत.
४. बॅटरीचा दाब १२.२ व्होल्टच्या वर आहे ना?

एवढी काळजी घेतली, तर हा दिवा पुष्कळ वर्षे साथ देईल, आणि अंधाऱ्या रात्री गोठ्यात जाणाऱ्या आपल्या माणसाला पाऊल टाकण्याआधी जमीन दिसेल.